तेरखेड्याजवळ व्हॅन बसली आहे. इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवू द्यावं की टोचन करून, म्हणजे क्रेननं ओढून, जालन्याला न्यावी?

शाळेतल्या बाई · शनिवार, रात्री ८:५०

नमस्कार. मोबाइल ३१ टक्क्यांवर आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येते, तरी थोडं लांबेल.

आम्ही दोघं नवरा-बायको जालन्याचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, हे मार्केट कमिटीतून. व्हॅन २०१४ ची, डिझेल, १३ सीटर, सेकंडहँड घेतलेली. मागच्या सीटा काढून फळी, गादी, शेगडी बसवली. आरटीओत तशी नोंद करून घेतलीय, तेव्हा त्यावरून कुणी रागावू नका. गाडी मी चालवते. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हे रात्रीचे फक्त सूचना देतात.

होळी झाली तसं निघालोत. पाडव्याची गुढी मदुराईत व्हॅनच्या आरशाला बांधली. रामेश्वर, कन्याकुमारी करून परत फिरलोत. ४,३०० किलोमीटरमध्ये एक पंक्चर सोडलं तर गाडीनं हूं की चूं केलं नाही. आणि आज घर पावणेदोनशे किलोमीटरवर राहिलेलं असताना बसली.

झालं असं. सकाळी सोलापूरहून निघालोत. तुळजापूरचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला. वर चढून गाडी बाजूला घेतली, चाळीस मिनिटं थांबलोत, ओलं गोणपाट टाकून रेडिएटरचं टोपण उघडलं. चार लिटर पाणी गटागटा प्याली. पाणी शेजारच्या शेतातल्या बोअरचं. पुढं धाराशिव, येडशीपर्यंत ठीक. येरमाळ्यात येडाईची चैत्री यात्रा. पहिल्या गिअरवर तासभर, पुढं बैलगाड्या, मागं जीप, मधे हलगी. काटा पुन्हा वर. गर्दीतून सुटल्यावर मोकळा रस्ता लागला आणि काटा एकदम खाली आला. मी म्हणले, चला, वारं लागलं. ह्यांना म्हणले बी, बघा, उगं घाबरत होतात. दोन किलोमीटरवर बॉनेटखालून वाफ, गाडीत ताकद नाही, वास. इंजिन तिथंच बंद केलं.

ते 'तिथं' म्हणजे कुठं, तर तेरखेड्यात. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगानं फटाक्यांची दुकानं आणि आमची गाडी वाफ सोडत बरोबर एका दुकानासमोर उभी. आतून एक जण दोन्ही हात हलवीत पळत आला, "मावशी, पुढं घ्या, पुढं घ्या, आत माल हाय!" आता बंद पडलेली गाडी मी पुढं कशी घेऊ? तो उलटा आत पळाला, पाच-सहा पोरं घेऊन आला आणि त्यांनी शंभर-दीडशे पावलं ढकलत नेऊन एका लिंबाखाली उभी करून दिली. नंतर त्यानंच पाण्याची बाटली आणून दिली, पण स्वतः लांबच उभा राहिला.

संध्याकाळपासून तीन माणसांनी तीन सल्ले दिलेत.

एक मिस्त्री येऊन गेले. पाणी भरून इंजिन चालू केलं, रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे दिसले, लगेच म्हणले, "हेड गॅस्केट उडालं. हेड उतरवावं लागेल, लेथवर जाईल, २२ हजार, चार दिवस."

एक क्रेनवाले म्हणले, जालन्यापर्यंत सोळा हजारात नेऊन सोडतो.

आणि एक ट्रकवाले भाऊ म्हणले, टोपण ढिलं ठेवा, पाण्याचे दोन कॅन जवळ ठेवा, चाळीसच्या स्पीडनं बीडपर्यंत आरामात जाल.

माझं मन टोचनकडं आहे, ह्यांचं ट्रकवाल्याकडं. रामेश्वरच्या बावीस कुंडांचं पाणी आम्ही पाच लिटरच्या कॅनमध्ये आणलंय, गल्लीत वाटायला. हे मघाशी म्हणले, "नाथांनी रामेश्वरला चाललेली कावड गाढवाला पाजली, आपण रामेश्वरहून आलेली गाडीला पाजू." पैठण आमच्यापासून लांब नाही, म्हणून असले विनोद सुचतात. मला रडू येत होतं, हसू आलं.

प्रश्न एवढाच: खरंच हेड गेलंय हे मला, मिस्त्री नसलेल्या बाईला, कसं कळावं? कळल्याशिवाय हेड उतरवू द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

वाशीकर · शनिवार, रात्री ९:०५

बाई, मी जवळच राहतो. आधी सांगा, गाडी पांढऱ्या पट्टीच्या आत आहे की बाहेर? मागं त्रिकोण लावला का? रात्री उसाचे, कडब्याचे ट्रॅक्टर बिनलाइटचे येतात. त्रिकोण नसेल तर मागं पन्नास पावलांवर फांद्या टाका आणि पार्किंग लाइट चालू ठेवा. हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे, १०३३ ला फोन लावला तर पेट्रोलिंगची गाडी येते. ते लोक गाडी रस्त्यातून बाजूला घेतात, तेवढं काम त्यांचं. घरी नेऊन सोडत नाहीत.

दुसरं, आज कुठलाही मिस्त्री मिळणं अवघड. येरमाळ्यातला जो चांगला डिझेलवाला आहे त्याच्या घरी पाहुण्यांची जत्रा, आणि उद्या चुनखडी वेचायचा कार्यक्रम म्हणजे पालखी आमराईत. तो हात धुऊन सोमवारीच भेटेल. जेवण झालं नसेल तर सांगा, डबा घेऊन येतो.

डेपोतला जुना · शनिवार, रात्री ९:४०

बाई, मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपला काढली. तुमचं लिहिणं बघून आनंद झाला, कारण काय झालं ते तुम्ही क्रमानं सांगितलं. नाहीतर लोक लिहितात "गाडी गरम होते, उपाय सांगा".

काटा एकदम खाली आला तिथं तुमची फसगत झाली. टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणी संपलं की तो उघडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. गरम गाडीचा काटा कारण नसताना पडला तर खूश व्हायचं नाही, त्याच क्षणी चावी बंद करायची. तुम्ही दोन किलोमीटरवर बंद केली. बघू नशीब.

आता बुडबुड्यांचं. रिकाम्या रेडिएटरमध्ये पाणी ओतून लगेच इंजिन चालू केलं तर बुडबुडे येणारच. हेडमध्ये, होजमध्ये, हीटरच्या नळीत हवा अडकलेली असते, ती बाहेर पडते. त्यावरून गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधल्या पातळ सीलचा, निकाल लावणारा मिस्त्री वाईटच असेल असं नाही, यात्रेच्या दिवशी तो घाईत असेल. पण परीक्षा तशी होत नाही.

आज रात्री गाडीला हात लावू नका. सकाळी साडेपाचला, इंजिन पूर्ण गार असताना हे करा.

आधी ऑइलची पट्टी काढा आणि ऑइल भरायच्या टोपणाची आतली बाजू बघा. डिझेल गाडीचं ऑइल काळंच असतं. ते चहासारखं, दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये शिरलंय. मग इंजिनाला अजिबात चावी लावायची नाही, पुढचं सगळं रद्द, टोचन.

काळंच असेल तर पुढची दोन चाकं उंच करा. लहान चढ बघा, नाही तर चाकाखाली दगड लावून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांनाही दगड. तोंड वर झालं की हवा रेडिएटरच्या तोंडातून निघते. हीटर फुल गरमवर. पाणी हळूहळू भरा. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू करा. पहिली पाच-सात मिनिटं बुडबुडे येतील, पाणी खाली जाईल, भरत राहा. त्यानंतर बघा. बुडबुडे थांबले तर ती हवा होती. थांबलेच नाहीत, आणि ॲक्सिलरेटर दिला की जास्त उसळले, तर तो सिलिंडरमधला गॅस आहे, मग गॅस्केट गेलं.

याहून पक्की खूण रेडिएटरच्या वरच्या जाड होजची, म्हणजे रबरी नळीची. इंजिन परत गार होऊ द्या, टोपण लावा, चालू करा आणि एक-दोन मिनिटांत तो होज दाबा. पाणी अजून कोमट असताना होज दगडासारखा कडक झाला तर गॅस्केट. मऊ राहिला तर हेड उतरवू देऊ नका, गळती दुसरीकडं आहे.

शहरात यासाठी एक निळं औषध मिळतं. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरली आणि ते हिरवट-पिवळं पडलं की गॅस्केट गेलं. तेरखेड्यात ते मिळणार नाही, पण वर सांगितलेलं फुकट आहे.

कुणी इंजेक्टरच्या नळ्या एकेक ढिल्या करून बघू म्हणालं तर हात जोडा. जुन्या इंजिनांना ते चालायचं. २०१४ च्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत, एवढा दाब असतो की डिझेल कातडीत घुसतं.

चौदा चाकी · शनिवार, रात्री १०:१५

काका मोठे माणूस आहेत पण रस्त्यावर आम्ही राहतो. नांदेड-पुणे लाइनवर पंधरा वर्षं झाली. टोपण एक आटा ढिलं, थर्मोस्टॅट (पाण्याच्या वाटेतला वॉल्व्ह) काढून फेकून द्यायचा, हीटर चालू, दर दहा किलोमीटरला पाणी. मी एकदा लोहा ते लातूर असाच आलो. बाईंना २२ हजाराला कापून खातील.

डेपोतला जुना · शनिवार, रात्री १०:३०

भाऊ, तुम्ही आलात, तुमचं इंजिन केवढं आणि त्यात पाणी किती ते पण सांगा. मोठ्या ट्रकचं लोखंडी हेड मार खातं. लहान व्हॅनचं ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की वाकलं.

टोपण दाब धरतं. दाब असला की पाणी ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. ढिलं केलं की शंभरच्या आतच उकळी. म्हणजे जी वाफ थांबवायची तीच आपण बोलावून घेतो. पाच-दहा किलोमीटर जीव वाचवायला ठीक. तेरखेडा ते बीड साठ-पासष्ट किलोमीटर आहे, एप्रिल महिना आहे, पुढं मांजरसुंब्याचा घाट आहे. आणि गरम इंजिनात घाईघाईनं बोअरचं गार पाणी ओतलं की हेडला चीर. बाई तुळजापूरला चाळीस मिनिटं थांबल्या, ते त्यांनी फार शहाणपणाचं केलं.

थर्मोस्टॅटवर नंतर बोलू, नसता धागा तिकडंच जाईल.

हुकवाला · शनिवार, रात्री ११:२०

क्रेन चालवतो, बीड-सोलापूर पट्टा. दर वेगवेगळे असतात, त्यावर बोलत नाही. पण टोचन ठरवायच्या आधी हे विचारा: गाडी उचलून फळीवर नेणार की पुढून लटकवून नेणार? दोरीनं ओढायला तर कुणी कितीही कमी सांगू द्या, घाटात नको. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर संपतो, स्टिअरिंग जड होतं. मागच्या गाडीत बसलेला माणूस दोन्ही पाय रोवून ब्रेकवर उभा असतो आणि तरी गाडी पुढं सरकते.

पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरणार असतील तर तुमच्यासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा, सोडून घ्या. चार बोल्ट असतात. न्यूट्रलमध्ये ओढली तरी गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरत राहतो, पण ऑइल उडवणारा खालचा शाफ्ट थांबलेला असतो. शे-दीडशे किलोमीटरमध्ये आतली बेअरिंगं कोरडी पडून जातात. मग इंजिनाच्या दुखण्यात गिअरबॉक्सचं दुखणं. सोडलेले बोल्ट पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा.

आणि पॉलिसीचा कागद काढा. 'रोडसाइड असिस्टन्स' असं वेगळं घेतलेलं असेल तर तिथं फोन करा, काही अंतर फुकट नेतात. साध्या पॉलिसीत अपघात येतो, बिघाड येत नाही.

शाळेतल्या बाई · रविवार, सकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. वाशीकर रात्री साडेदहाला खरोखर डबा घेऊन आले, यात्रेचा नैवेद्य होता, पुरणपोळी आणि कटाची आमटी. आणि आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा जार. म्हणले, बोअरचं बास करा. ह्या भागात पाण्याला कोण किती जपतं मला माहीत आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा आम्ही शाळेत पोरांना घरून बाटली आणायला लावायचो.

पहाटे साडेपाचला परीक्षा घेतली. हे बॅटरी धरून उभे, मी काकांचं लिहिणं मोठ्यानं वाचत. ऑइल काळंकुट्ट, टोपणाच्या आतही दूध नाही. लिंबाच्या पलीकडं शेतात उतरायचा छोटा उंचवटा होता, वाशीकर आणि त्यांच्या पोरांनी गाडी त्यावर तोंड वर करून चढवली. पाणी भरलं. बुडबुडे आले, भरपूर. सहा मिनिटं. मी घड्याळ लावून बसले होते, परीक्षेला सुपरवायझर बसतो तशी. मग कमी झाले, मग एखाद-दुसरा, नवव्या मिनिटाला पाणी शांत. ॲक्सिलरेटर दिला तरी शांत. होजची परीक्षा अजून बाकी, इंजिन गार व्हायची वाट बघतोय.

पण आता पाणी गेलं कुठं?

लेथवाला · रविवार, सकाळी ८:१०

जालन्यात लेथचं काम करतो, रोज दोन-तीन हेड टेबलावर येतात. होज मऊ राहिला तर माझं गिऱ्हाईक गेलं, तरी सांगतो.

हेड उतरवायची वेळ आलीच तर मिस्त्रीला आधीच सांगा की फेसिंगच्या, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करायच्या, आधी पट्टी लावून दाखव. स्टीलची सरळ पट्टी हेडवर आडवी-तिरपी ठेवायची आणि खालून फीलर गेज, म्हणजे मापाची पातळ पाती, घालायचं. साधारण ०.१ मिलिमीटरचं पान आत जात नसेल तर फेसिंगची गरजच नाही. आमच्याकडं येणाऱ्यातली निम्मी हेडं 'आलंय तर मारून टाका' म्हणून येतात. डिझेलचं हेड उगाच घासलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन जवळ येतात, आणि गॅस्केट जाडीप्रमाणं वेगळं लागतं. जुन्या गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, तेवढ्याच खाचांचं नवं आणायचं. आणि हेड गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबावर चीर बघून घ्यायची. ती सोय बार्शीला आहे, बीडलाही आहे. एवढ्यासाठी जालन्याला आणू नका.

डेपोतला जुना · रविवार, सकाळी ८:४५

बाई, शाब्बास. पाणी गेलं कुठं हे आता पाणीच सांगेल. तुम्ही बोअरचं पाणी घातलंय. आपल्याकडचं बोअर म्हणजे क्षार. ते गरम लोखंडावर गळालं की वाळतं आणि पांढरं मागं ठेवतं. बॅटरी घेऊन फॅनच्या मागं बघा, वॉटर पंपाच्या पुलीखाली, बुडाला एक बारीक भोक असतं. तिथून खाली पांढरी रेघ आली आहे का? इंजिन बंद असताना पुली दोन्ही हातांनी हलवून बघा, डुगडुगते का.

शाळेतल्या बाई · रविवार, सकाळी ९:२०

आहे. पांढरी रेघ आहे, खडूनं ओढल्यासारखी. भोकापासून खाली, मग पंपाच्या कडेनं वळून इंजिनाच्या पायापर्यंत. वरती जुन्या कूलंटची हिरवट पापडी, त्यावरून ही नवी पांढरी. पुली हातानं हलवली तर टक्-टक् आवाज येतो. होजही मऊ राहिला, दोन मिनिटं दाबून बसले होते.

पस्तीस वर्षं खडूनं लिहिलं, आता गाडीनं माझ्यासाठी लिहिलं. हे म्हणतात, बोअरचं पाणी वाईट म्हणून शिव्या देत होतीस ना.

डेपोतला जुना · रविवार, सकाळी ९:३०

पंपाचं सील गेलंय, बेअरिंगही गेलंय. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर दिसावं म्हणून. चालू गाडीत गळतं आणि वाऱ्यावर वाळतं, उभ्या गाडीखाली थेंब नसतो, म्हणून कुणाला दिसलं नाही. घाटात पंप जोरात फिरला, यात्रेत गाडीला वारा मिळाला नाही.

पंप बदला, बेल्टही बदला, तो ओला झालेला असणार. ते होईपर्यंत गाडी चालवायची नाही. ढिली पुली सुटली तर फॅन रेडिएटरमध्ये घुसतो. आणि बोअरचं सगळं पाणी काढून टाका. कूलंट निम्मं आणि बॅटरीचं पाणी निम्मं, बॅटरीच्या पाण्याचे कॅन कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळतात.

चौदा चाकी · रविवार, सकाळी १०:००

काका, मानलं. मी असतो तर बीडला फॅन रेडिएटरमध्ये घेऊन पोचलो असतो.

शाळेतल्या बाई · बुधवार, दुपारी १:१५

घरी आलोत. काल रात्री साडेनऊला. सगळं सांगते, कारण तुम्ही सगळे तिथं असल्यासारखंच होतात.

रविवारी दुकानं बंद. सोमवारी आंबेडकर जयंती, बार्शीत अर्धी दुकानं बंद आणि उरलेली मिरवणुकीत. तेरखेड्यात संध्याकाळी जयंतीची मिरवणूक लिंबासमोरूनच गेली. आमच्या फटाकेवाल्याचा धंदा त्या दिवशी जोरात. जाता-येता तो ओरडून विचारायचा, "मावशी, गाडी गार हाय ना?"

येरमाळ्याचा मिस्त्री सोमवारी दुपारी आला. कपाळभर हळद-कुंकू, कानाच्या पाळीतसुद्धा. त्याला मी काही न सांगता म्हणले, तुम्ही बघा. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकला, रेघ पाहिली आणि विचारलं, "आधी कोण म्हणलं हेड?" मी म्हणले, जाऊ द्या. तो बी म्हणला, जाऊ द्या. पुढं एक अक्षर नाही. मला आवडलं ते. त्यानं रेडिएटर उतरवून ठेवला, पंप काढला आणि हातात दिला. आतला पंखा फिरवला तर खरखरतो, आणि दांडा चक्क वाकडा हलतो. तो पंप मी आणलाय, खिडकीत ठेवलाय.

नवा पंप मंगळवारी बार्शीहून आला, एसटीनं. दुकानदारानं ड्रायव्हरच्या केबिनमध्ये खोकं ठेवलं, गाडीचा नंबर फोनवर सांगितला आणि आम्ही येरमाळ्याच्या स्टँडवर उभे. काका, तुमची एसटी बरोबर वीस मिनिटं उशिरा आली.

खर्च असा: पंप ३,४००, बेल्ट ६५०, कूलंट आणि बॅटरीचं पाणी १,२५०, मजुरी १,५००. एकूण ६,८००. तो मजुरी हजारच मागत होता. तीन खेपा केल्या होत्या त्यानं, हे ऐकेनात.

चार वाजता निघालोत. सरमकुंडी फाट्यावर थांबून कुंथलगिरीचा पेढा घेतला, दोन किलो, वाशीकरांच्या घरी एक किलो आधीच पाठवला. मांजरसुंब्याच्या घाटात हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, फक्त काट्याकडं बघत होते. काटा अर्ध्याच्या एक रेघ खाली, हललाच नाही. काटा हलत नाही म्हणून मला उलट धास्ती, पुन्हा खोटं बोलतोय की काय. शहागडला गोदावरीच्या पुलाअलीकडं थांबून, इंजिन बंद करून, पाऊण तासानं टोपण उघडलं. पाणी काठोकाठ. तेव्हा कुठं चहा प्यालोत.

रामेश्वरचं पाणी सकाळी गल्लीत वाटलं. शेजारच्या आजींनी विचारलं, एवढे दिवस उशीर का झाला? हे म्हणले, नाथांच्या गाढवाला पाणी पाजत होतो.

एक राहिलं. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून कागदात गुंडाळून दिलाय. म्हणला, "आपल्या उन्हाळ्यात नको तो." काका, तुम्ही म्हणला होतात नंतर बोलू.

डेपोतला जुना · बुधवार, दुपारी २:००

बसवा. साधारण ८२ अंशांना तो उघडतो, त्याआधी इंजिन लवकर तापावं म्हणून पाणी आतल्या आत फिरवतो. काढला की गाडी गार गार चालते, डिझेल जास्त पिते आणि आत झीज होते. काही इंजिनांत तर तो नसला की आतली बायपासची वाट उघडीच राहते, पाणी रेडिएटर चुकवून तसंच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. आधी त्याला पातेल्यात उकळत्या पाण्यात दोऱ्यानं लटकवून बघा. तोंड उघडलं तर चांगला आहे, त्याचं गॅस्केट तेवढं नवं घ्या.

शाळेतल्या बाई · बुधवार, दुपारी २:४०

चहाच्या पातेल्यात टाकला. उघडला. आता पातेलं कुठलं वापरलं यावरून घरात चर्चा चालू आहे.